नागपूरच्या गच्चीवर भाजीपाला: फेब्रुवारी ते फेब्रुवारी कामाच्या नोंदी

२२ फेब्रुवारी

मानेवाडा भागातल्या दुमजली घराची गच्ची. साधारण ६०० चौरस फूट, त्यातली अर्धी बागेला. पूर्वेला शेजारच्यांची उंच भिंत, पश्चिम पूर्ण उघडी. पाणी नळाचं, कमी पडलं की बोअरचं. काळ्या ग्रो-बॅग आणि प्लास्टिकच्या कुंड्या आधीपासून होत्या, बहुतेक २० लिटरच्या.

नागपुरात गच्चीवर भाजी लावणाऱ्याच्या हाती जे वेळापत्रक पडतं ते सहसा पुणे-नाशिकच्या हवेचं असतं. पुण्याच्या नणंदेनं तिचं पाठवलं, त्यात फेब्रुवारी-मार्चला टमाटर, मिरची, वांगी लावा असं आहे. तिच्याकडे ते जमतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला गेला तरी कोणी दचकत नाही, २३ मे २०१३ला तो ४७.९ अंश होता. आणि याच शहरात २९ डिसेंबर २०१८ला ३.५ अंशांची रात्र झाली. चिपळूणला माझा भाऊ राहतो, त्याच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे हजाराच्या आसपास. तिघांनी एकच तक्ता भिंतीवर लावून कसं चालेल? म्हणून या नोंदी, इथल्या तारखांनिशी.

आज हिंगणा रोडकडच्या एका शेतातून काळी माती आणली. ट्रॉलीचे ₹१,२०० आणि वर चढवण्याची मजुरी ₹८००. थोडं शेणखत मिसळून पिशव्या भरल्या.

५ मार्च

माती बदलावी लागली. वावरात सोन्यासारखी असलेली काळी माती कुंडीत वेगळीच वागते. भिजली की फुगते, सुकली की आक्रसते आणि पिशवीच्या कडेपासून सुटते. कडेला बोटभर फट पडली. वरून पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली जाऊन भोकांतून बाहेर येत होतं. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी भरपूर झालं, आत मधला गोळा मात्र कोरडा. एक पिशवी उलटी केल्यावर हे कळलं.

या मातीच्या सगळ्या पिशव्या रिकाम्या करून मिश्रण नव्यानं केलं. घमेल्याच्या मापानं ४ भाग काळी माती, ३ भाग गांडूळखत, २ भाग भिजवून निथळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग धानाचं तूस. तूस भंडाऱ्याकडच्या राइस मिलमधून येतं, पोत्यानं स्वस्त मिळतं आणि लवकर कुजत नाही, त्यामुळे मातीत हवा राहते. कोकोपीट एकदा साध्या पाण्यात धुऊन घ्यावं, त्यात मीठ असतं.

खर्च: गांडूळखत १५० किलो ₹१,५००, कोकोपीटच्या ५ किलोच्या ३ विटा ₹७५०, तूस ₹३५०. एकूण ₹२,६००. हा जवळजवळ दोन आठवड्यांचा उशीर पुढे उन्हाळी पिकाला चांगलाच भोवला.

ओली २० लिटरची पिशवी २५ किलोच्या आसपास भरते. सगळ्या पिशव्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंती आणि बीम जिथे आहेत त्या ओळीनं मांडल्या.

१४ मार्च

हिवाळ्यातली टमाटरची झाडं अजून उभी आहेत. हिरवीगार, उंच, फुलांनी भरलेली. पण आठवडाभरापासून फुलं देठासकट गळतायत. खत दिलं, पाणी वाढवलं, काही फरक नाही. दुपारचं तापमान ३५च्या पुढे आणि रात्रीही हवा उबदार राहू लागली की टमाटरचे परागकण नीट काम करत नाहीत, फूल येतं आणि फळ न धरता पडतं. इथे मार्चच्या मध्यानंतर टमाटरवर पाणी आणि खत घालत बसू नये. लागलेली फळं पिकेपर्यंत ठेवली आणि नवी फुलं सोडून दिली.

आज पेरलं: भेंडी, चवळी, तांदुळजा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून, दोन-दोन बिया एका पिशवीत. ही पेरणी खरं तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हवी. भेंडीला उगवल्यापासून तोडणीपर्यंत दीड महिना धरला तर आजची पेरणी एप्रिलच्या शेवटी, ऐन उन्हात फळावर येईल.

पुदिन्याची कुंडी पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत हलवली.

२ एप्रिल

शेडनेट लावली. ७५ टक्के सावलीची हिरवी नेट ₹१,४००, बांबू आणि तार ₹१,१००. बांबू कमी लागावेत म्हणून नेट झाडांच्या डोक्यापासून हातभर वर बांधली.

७ एप्रिल

नेटखाली झाडं जास्त कोमेजली. दुपारी आत हात घातला तर भट्टीत घातल्यासारखं. गरम हवा नेटखाली कोंडत होती, बाजूंनी निघायला वाट नव्हती. आज बांबू बदलून नेट ७ फुटांवर नेली आणि चारही बाजू मोकळ्या सोडल्या. संध्याकाळपर्यंत चवळीची पानं उभी राहिली.

११ एप्रिल

रात्री अवकाळी पाऊस, वारा आणि बोराएवढ्या गारा. नेट चारही कोपऱ्यांना तारेनं ताणून बांधली होती. एका कोपऱ्यात बांबू मोडला, दुसरीकडे नेट तारेपाशीच फाटली. एप्रिल-मे मध्ये विदर्भात अशी वादळं येणारच, हे धरूनच बांधणी करावी.

दुरुस्ती अशी: पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या जुन्या ट्यूब आणल्या (फुकट मिळाल्या), त्यांच्या पट्ट्या कापून नेट त्या पट्ट्यांनी बांधली. वारा आला की पट्टी ताणते, नेट फाटत नाही. फाटलेल्या कडेला दुमडून जाड दोऱ्यानं शिवण घातली. गॅल्व्हनाइज्ड तार ₹३५०.

२४ एप्रिल

हा सगळ्या उन्हाळ्यातला महत्त्वाचा धडा, म्हणून सविस्तर लिहिते.

नेट आहे, पाणी दोन वेळा आहे, तरी पश्चिमेकडच्या ओळीतली भेंडी दुपारी मान टाकते आणि सकाळीही पूर्ण सावरत नाही. वरून सगळं ठीक दिसतं. स्वयंपाकघरातला काट्याचा थर्मामीटर पिशवीच्या मातीत खोचून बघितला. दुपारी चारला पश्चिमेच्या काळ्या पिशवीत कडेला ४६ अंश, मधल्या ओळीत ३९. मुळं ४०च्या पुढे काम करेनाशी होतात. माती ओली असूनही झाड पाणी उचलू शकत नाही. मग आपण आणखी पाणी घालतो आणि गरम चिखलात मुळं कुजतात. पानांवरच्या उन्हाची आपण काळजी करतो, मुळांकडे कोणी बघत नाही.

तीन कामं केली.

पहिलं, सगळ्या काळ्या पिशव्या आणि कुंड्या बाहेरून चुन्यानं रंगवल्या. चुन्यात थोडा फेविकॉल घातला म्हणजे तो लगेच खरवडत नाही. उरलेला चुना पिशव्यांच्या खालच्या स्लॅबवर मारला.

दुसरं, प्रत्येक पिशवी दोन विटांवर उचलली. स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे रात्रीही मुळांना गारवा मिळत नाही.

तिसरं, पश्चिमेला बांबूचे तट्टे. बुरडाकडून तीन विकत घेतले, प्रत्येकी ₹३५०. त्यानंच सांगितलं, "तट्टा खालपर्यंत टेकवू नका ताई, हातभर जागा ठेवा, हवा निघून जाते." तसंच बांधलं.

विटा ६० नग ₹४८०, चुना ₹१२०, तट्टे ₹१,०५०. एकूण ₹१,६५०. चार दिवसांनी त्याच वेळी त्याच पिशवीत ३८ अंश. एवढं करूनही पश्चिमेच्या ओळीतली चार झाडं वाचली नाहीत, त्यांची मुळं आधीच तपकिरी झाली होती. नव्यानं सुरू करणाऱ्यानं काळ्या पिशव्या घेऊच नयेत. पांढऱ्या मिळतात, किमतीत फार फरक नाही.

मातीवर तीन बोटं जाड आच्छादन: सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) खाली, त्यावर तणस (धानाचा पेंढा). नुसतं कुटार वाऱ्यानं उडतं.

६ मे

पाण्याच्या वेळा: पहाटे सहाच्या आत पूर्ण पाणी, सूर्य बुडाल्यावर थोडं. दुपारी नाही.

पाइपमध्ये राहिलेलं पाणी उन्हानं उकळतं. संध्याकाळी पाइप सुरू करून सरळ झाडाला लावला तर मुळं भाजतात. पहिलं पाणी बादलीत सोडायचं. गच्चीवरच्या टाकीचंही तेच, संध्याकाळी सातलाही ते अंगावर घेववत नाही. त्यासाठी जुना २०० लिटरचा ड्रम घेतला (₹९००), भिंतीच्या सावलीत ठेवला, भोवती गोणपाट गुंडाळून ओलं केलं. सकाळी नळ आला की भरायचा, संध्याकाळी त्यातलंच पाणी द्यायचं.

दुसरी गोष्ट कूलरच्या पाण्याची. नागपुरात घरोघरी कूलर, आणि त्याचं पाणी बदलताना वाया जाऊ नये म्हणून ते कुंड्यांना घालण्याची पद्धत आहे. आमच्या घरीही तेच सुरू होतं. मिरचीच्या आणि मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, मातीवर पांढरा थर आला. कूलरमधून पाण्याची वाफ होते, क्षार खालीच राहतात. आठवडाभर वरून पाणी घालत गेलं की टाकीतलं पाणी खारट होत जातं. बोअरचं पाणी असेल तर आणखीच. ते पाणी आता गच्ची धुवायला. ज्या कुंड्यांना गेलं होतं त्यांना नळाचं गोडं पाणी भरपूर सोडून, खालून वाहू देऊन क्षार धुऊन काढले. मोगरा सावरला. मिरचीची दोन झाडं गेली.

२५ मे

नवतपा सुरू, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. सूर्य रोहिणीत. आता काही पेरायचं नाही, काही लावायचं नाही, छाटायचं नाही, खत द्यायचं नाही. पुण्याचा तक्ता या दिवसांत पावसाळी भाज्यांची रोपं तयार करा म्हणतो. इथे रोपाचा ट्रे दोन तास विसरला की संपला.

काय टिकलं: चवळी, तांदुळजा, नेटखालची भेंडी, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा. तांदुळज्याची भाजी आठवड्यातून दोनदा निघते. काय नाही: पालक (एप्रिलमध्येच दांडा काढून फुलावर गेला), काकडी, सांबार (कोथिंबीर). सांबार उन्हाळ्यात लावायचा हट्ट सोडावा. चार पानं निघतात आणि लगेच फुलोरा येतो.

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे दोन महिने इथल्या बागेची खरी सुट्टी आहेत. थंड प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत बागा झाकून ठेवतात, तशा आपण मे महिन्यात ठेवायच्या. रिकाम्या पिशव्यांची माती प्लास्टिकवर पसरली, पारदर्शक प्लास्टिकनं झाकून उन्हात ठेवली. बुरशी आणि किडींची अंडी मारायला हे ऊन फुकट मिळतं.

९ जून

मृग लागला, काल एक सर आली, मातीचा वास सुटला. शेजारच्या काकूंनी लगेच दोडका पेरला. मी थांबले. पहिल्या सरीनंतर इथे पुन्हा आठवडाभर चाळीसच्या पुढचं ऊन पडू शकतं, पाऊस जूनच्या मध्यानंतरच बसतो. उगवलेला कोंब त्या उन्हात टिकत नाही. शेतकरीही पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरा म्हणत नाहीत.

तोवर कुंड्यांची भोकं मोकळी केली, सगळ्या ताटल्या काढून ठेवल्या. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांची पैदास.

२१ जून

आर्द्रा. पाऊस बसला. दोडका, कारलं, दुधी, काकडी सरळ मोठ्या पिशव्यांत पेरले. वेलांची मुळं हलवलेली आवडत नाहीत, ट्रेमध्ये वाढवून हलवण्यापेक्षा जागेवरच पेरावं. मांडवाला तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्या) वापरल्या, गावाकडून फुकट आल्या. पऱ्हाटी काटक असते, पण पावसात दोन महिन्यांत ठिसूळ होते, मुख्य खांब बांबूचेच हवेत.

शेडनेट काढून घडी करून ठेवली. पावसात ती राहिली तर सावलीत वेल नुसते लांबतात.

१४ जुलै

झड लागली. आठवडाभर ऊन नाही. टमाटर, वांगी आणि मिरचीची रोपं ट्रेमध्ये उघड्यावर ठेवली होती. सकाळी बघितलं तर निम्मी रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी. ही रोपमर. ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत ती बुरशी एका रात्रीत ट्रे साफ करते.

चिपळूणला भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे जून-जुलैत रोपं कधीच उघड्यावर नसतात. वर प्लास्टिक, खाली मोकळं, आणि पाणी मी घालीन तेवढंच." त्याच्या सांगण्यावरून जिन्याच्या खोलीच्या कडेला पारदर्शक प्लास्टिकचा छोटा मांडव केला, ट्रे टेबलावर उचलले. दुसरी पेरणी कोकोपीट आणि गांडूळखतात, त्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून, वर बारीक वाळूचा पातळ थर. बी दाट टाकलं नाही. या वेळी मर अगदी थोडी.

कोकणातली पद्धत इथे फक्त झडीच्या दिवसांपुरती उपयोगी आहे. उघाड पडली की त्याच प्लास्टिकखाली दुपारी रोपं उकडतात, तेव्हा ते गुंडाळून वर करायचं.

५ ऑगस्ट

वेलांवर फुलं भरपूर, फळं पिवळी पडून गळतात. दोन वेगवेगळी कारणं निघाली.

दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. त्या वेळी गच्चीवर मधमाश्या नसतात. सकाळी ब्रश घेऊन उभं राहून उपयोग नाही. संध्याकाळी सहानंतर नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर टेकवलं. मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागे बारीकसं फळ असतं. कारलं आणि काकडीचं हे काम सकाळी.

दुसरं कारण फळमाशी. कारल्यावर टोचल्याची खूण आणि आत अळ्या. दुकानातून कामगंध सापळा (वासानं नर माश्या ओढणारा) आणला, लावला, आठवडाभरात एकही माशी नाही. त्यात मिथाइल युजेनॉलची गोळी होती. ती आंबा-पेरूच्या फळमाशीसाठी. वेलभाज्यांच्या माशीला क्यू ल्यूर लागतं. दुकानदारानं विचारलं नाही आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात नुसतं 'फळमाशी' होतं. क्यू ल्यूरचा सापळा लावल्यावर दुसऱ्या दिवशी तळाशी माश्या दिसल्या. सोबत किडकी फळं रोज वेचून, पाण्याच्या बादलीत बुडवून मारायची. खाली टाकली तर अळ्या मातीत जाऊन पुन्हा माशी होऊनच येतात. कोवळ्या कारल्यांना कागदी पिशव्या बांधल्या, ते सगळ्यात खात्रीचं.

दोन्ही सापळे मिळून ₹२६०.

२६ ऑगस्ट

पोळ्याच्या आसपासचं काम: हिवाळी टमाटर, वांगी, मिरची आणि लवकर येणाऱ्या फ्लॉवरची रोपं लावायची. माझ्या मते नागपूरच्या वर्षातली ही सगळ्यात महत्त्वाची लागण. ऑगस्टच्या शेवटी लावलेलं टमाटर नोव्हेंबरपासून फळ देतं आणि मार्चपर्यंतचा सगळा थंड काळ त्याला मिळतो. हेच रोप नोव्हेंबरमध्ये लावलं तर तोडणी निम्म्यावर येते तोच ऊन गाठतं.

गोगलगायी खूप. रात्री टॉर्च घेऊन वेचल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या. ओल्या पोत्याखाली सकाळी त्या गोळा झालेल्या मिळतात, तेवढं केलं तरी पुरतं.

१९ सप्टेंबर

मेथी, पालक, सांबार पेरला.

६ ऑक्टोबर

सांबार जवळजवळ उगवलाच नाही, पालक विरळ, मेथी ठीक. पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं, माती गरम. सांबाराचं बी थंड मातीत उगवतं. शेडनेट पुन्हा बाहेर काढली, पण फक्त पालेभाजीवर, फक्त दुपारी. दिवाळीपर्यंत सांबार पेरण्याची घाई करू नये, आणि पेरताना धणे हलके रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत.

फ्लॉवरची गोष्ट वेगळी. नर्सरीत नुसतं 'फ्लॉवरचं रोप' म्हणून देतात. जात विचारून घ्या. लवकर येणारी जात उशिरा लावली तर गड्डा बटणाएवढाच राहतो, आणि थंडीची जात लवकर लावली तर पानं वाढत राहतात, गड्डा धरत नाही. माझ्याकडे दोन्ही मिसळ आली होती. काही झाडांवर आत्ताच बटणं दिसतायत. ती काढून त्या जागी पत्ताकोबी लावली.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर सगळं एकदम सोपं होतं. सांबार पुन्हा पेरला, चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोडण्याजोगा होईल. वाटाणा आज पेरला, मुळा आणि गाजरही. गाजराला खोल पिशवी आणि चाळलेली माती, नाहीतर ते दोन पायांचं होतं. टमाटरची पहिली तोडणी झाली. झाडांना खालून हातभर पानं काढून टाकली, आता पाणी दोन दिवसांआड.

२० डिसेंबर

रात्री पारा १०च्या खाली. तुळस, मिरची आणि कढीपत्ता गारठले, पानं पिवळी. ती भिंतीलगत सरकवली, रात्री जुन्या साड्यांनी झाकली आणि सकाळी नऊला उघडली. उन्हाळ्यात जी भिंत आणि स्लॅब शत्रू होते त्यांचीच उष्णता आता उपयोगी पडते. पाणी संध्याकाळी द्यायचं बंद, सकाळी ऊन आल्यावर.

ड्रममधल्या चार वर्षांच्या संत्र्याला आंबिया बहारासाठी (हिवाळा संपताना येणारी फुलं) ताण सुरू केला, म्हणजे पाणी तोडलं. शेतात भारी काळ्या जमिनीत बरेच आठवडे पाणी तोडतात. ड्रममध्ये माती कमी, ताण पटकन बसतो. दिवस मोजण्यापेक्षा पानं बघायची: हिरवा रंग फिका पडला आणि पानं थोडी वळली की पुरे. पानं गळेपर्यंत ताणलं तर बहाराऐवजी झाडच जातं. कलमाच्या डोळ्याखालून, जंबेरीच्या खुंटावर (ज्या रानलिंबावर संत्र्याचं कलम बांधतात तो) काटेरी फुटवे आले होते, ते मुळाशी छाटले. नाहीतर दोन वर्षांत संत्र्याऐवजी जंबेरीचं झाड होऊन बसतं.

१२ जानेवारी

संक्रांत जवळ आली. रोज भाजी निघते आणि वरून शेजारी जाते. संत्र्याला पाणी सुरू केलं, पहिलं अगदी हलकं, मग दोन-तीन दिवसांनी पूर्ण, सोबत गांडूळखत.

ढगाळ हवा दोन दिवस राहिली आणि वालाच्या शेंड्यांवर काळा मावा बसला. पहिल्यांदा पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानं धुतला, मग निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून संध्याकाळी. साबण न घालता फवारलं तर तेल वर तरंगतं आणि नळीतून नुसतं पाणी जातं. निंबोळी तेल आणि ट्रायकोडर्माचा वर्षाचा खर्च ₹५४०.

६ फेब्रुवारी

संत्र्याला कळ्या. मोजक्या फांद्यांवर, पण आहेत.

भेंडी, चवळी, तांदुळज्याचं बी या वर्षीच्या पेरणीसाठी तयार. भेंडीच्या शेंगा झाडावरच वाळू दिल्या होत्या. काकडीच्या बियांची पेरणी आजच, म्हणजे ऊन चढायच्या आत ती फळावर येईल.

१८ फेब्रुवारी

वर्षाचा हिशोब: माती आणि मजुरी ₹२,०००, मिश्रण ₹२,६००, नेट-बांबू-तार ₹२,८५०, विटा-चुना-तट्टे ₹१,६५०, पाण्याचा ड्रम ₹९००, बी आणि ट्रे ₹१,४००, सापळे आणि औषधं ₹८००. एकूण ₹१२,२००. पुढच्या वर्षी यातलं बी, थोडं गांडूळखत आणि औषधं एवढंच लागेल. पैशापेक्षा मोठं नुकसान वेळेचं झालं: मातीमुळे उन्हाळी पीक उशिरा गेलं आणि नेट आणि तट्टे नीट बसेपर्यंत एप्रिल संपला.

म्हणून या वेळी नेट आणि तट्टे होळीच्या आधीच बांधून झाले. भेंडी आज पेरली, गेल्या वर्षीपेक्षा जवळजवळ महिनाभर आधी. टमाटरच्या झाडांना मार्चच्या मध्यानंतर खत नाही.

नणंदेनं विचारलं, "वहिनी, यातलं आमच्याकडे काय चालेल?" पुण्यासाठी उत्तर: मुळांच्या उष्णतेची आणि फळमाशीची नोंद जशीच्या तशी घ्या. मे महिन्याची सुट्टी घेण्याची गरज नाही, नेट ५० टक्क्यांची पुरेल, आणि फेब्रुवारीतलं टमाटर तिकडे जमतं. चिपळूणसाठी जुलैची नोंद कामाची, एप्रिल-मेची नाही. वर्धा, अमरावती, अकोला, चंद्रपूरला मात्र सगळ्या तारखा जवळपास याच धराव्यात. भंडारा-गोंदियाकडे पाऊस जास्त, तिथे रोपांवरचा प्लास्टिकचा मांडव जूनच्या शेवटीच तयार ठेवा.